दुभाष्याची मुदत

मोहर्ली हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे एक प्रवेशद्वार म्हणून. इरई जलाशयाच्या बाजूने चंद्रपूरहून येणारा रस्ता इथे पोहोचला की पुढे जंगल सुरू होते. आम्ही या गावी प्रथम आलो ते २००१ च्या हिवाळ्यात, आणि वाघ पाहण्यासाठी आलो नव्हतो. एम.ए.च्या वर्गात शिकत असताना आम्हा काही विद्यार्थ्यांकडे बोलीभाषेतील शब्द गोळा करण्याचे काम सोपविण्यात आले होते. मराठी आणि गोंडी यांच्या शेजारात वाढलेली इथली बोली, मोहफुलांची वेचणी, तेंदूपानांची तोडाई, बांबूकाम, सणवार, दुखणीखुपणी, नातीगोती अशा विषयवारीने आम्ही काही शे शब्द वह्यांत उतरवून घेतले. सांगणाऱ्यांत एक वृद्धा होती. सारे गाव तिला आजी म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. एखादा शब्द सांगून झाल्यावर ती कधी कधी थांबायची आणि म्हणायची, "आता कोनी नाही बोलत असं." अशा काही शब्दांखाली आम्ही रेघ ओढली.

परत आल्यावर तो संग्रह विभागातील संगणकावर उतरविला. संगणक तेव्हाही जुनाच होता. डॉसवर चालणारी एक मराठी शब्दप्रणाली त्यावर होती. तिच्यात टंकन झाले, रेघाही ओढल्या गेल्या. पुढे तो मजकूर आणि ती प्रणाली फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर अशी फिरत राहिली. वह्या एका बदलीत आणि एका पावसाळ्यात गेल्या. २०२४ च्या डिसेंबरात आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा मोहर्लीस गेलो. त्या यादीतील कोणते शब्द अजून बोलले जातात, ते ताडून पाहावे असा बेत होता. संध्याकाळी मुक्कामी नवा लॅपटॉप उघडला, तर ही आज्ञावली या संगणकावर चालू शकत नाही, एवढाच निरोप पडद्यावर उमटला. मजकुराच्या धारिकेतील एक अक्षरही बिघडलेले नव्हते. प्रणालीही जशीच्या तशी होती. मग बदलले काय होते? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जो इतिहास हाती आला, तो साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटू नये, असे आम्हांस वाटते.

बदलला होता तो प्रोसेसर. संगणकाच्या पोटातील या प्रक्रियकाला ठरावीक आज्ञाच समजतात. अमुक ठिकाणची संख्या उचल, तीत तमुक मिळव, निकाल शून्य आला तर तिकडे जा, अशा स्वरूपाच्या त्या आज्ञा असतात. त्यांचा जो समूह, त्याला आज्ञासंच म्हणतात, आणि तो प्रत्येक प्रोसेसर-घराण्याचा निराळा असतो. माणूस आज्ञावली लिहितो ती फोरट्रान किंवा सी यांसारख्या भाषेत. कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली तिचे रूपांतर विशिष्ट प्रोसेसरच्या आज्ञांत करते, आणि विकत मिळते ते बहुधा हे रूपांतरच. मूळ संहिता कर्त्याच्या घरी राहते. म्हणजे ज्या भाषेचा जाणकार उद्या उरणार नाही, अशा भाषेतील अनुवाद तेवढा आपल्या कपाटात असतो आणि मूळ ग्रंथ आपण कधी पाहिलेलाच नसतो.

प्रोसेसर बदलतो तेव्हा जुन्या आज्ञावल्यांचे काय करायचे, हा प्रश्न संगणकाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये सिस्टीम/३६० हे नवे यंत्रघराणे जाहीर केले, तेव्हा आधीच्या १४०१ यंत्रावर हिशेब चालविणाऱ्या कचेऱ्यांना आपल्या आज्ञावल्या टाकून देणे परवडणारे नव्हते. म्हणून नव्या यंत्राला जुन्याचे सोंग घेता येईल अशी तजवीज करण्यात आली. या सोंगाला एम्युलेशन असे नाव मिळाले. दुसरा मार्ग मूळ संहितेकडे परत जाऊन तिचे नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा रूपांतर करण्याचा. तिसरा, काही काळ जुने आणि नवे दोन्ही एकत्र नांदविण्याचा. गेल्या साठ वर्षांतील बहुतेक संक्रमणे या तीन मार्गांच्या मिश्रणातूनच पार पडली आहेत.

आपल्याकडे या तिन्हींचा धडा पुण्यात गिरविला गेला. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यास आडकाठी केल्यानंतर देशी महासंगणक घडविण्यासाठी १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, उभे राहिले. त्याची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे होती. ते मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे, म्हणजे आमच्या विदर्भातलेच. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याच्या गाभ्यात इंग्लंडमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. एकच बलाढ्य प्रोसेसर घेण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकमेकांशी जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घ्यायचे, ही त्यामागची कल्पना. ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे जन्मतःच दिलेले असत, म्हणून तो या कामास सोयीचा ठरला.

परंतु यंत्र उभे राहते न राहते तोच ट्रान्सप्युटरची गणनशक्ती अपुरी वाटू लागली. १९९२ च्या सुमारास सी-डॅकने इंटेलचा आय८६० हा नवा प्रोसेसर घ्यायचे ठरविले. या वळणावर जे घडले ते आम्हांस फार बोलके वाटते. 'परम ८६००' या यंत्रात प्रत्येक घटकात एक आय८६० आणि त्याच्या सोबतीला चार ट्रान्सप्युटर असे कुटुंब वसविण्यात आले. आकडेमोडीचा भार नव्यावर पडला. निरोप पोहोचविण्यात मुरलेला जुना घरातच राहिला. याहून महत्त्वाचे म्हणजे, आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी 'परास' नावाचे जे पर्यावरण ८००० साठी घडविले होते, तेच ८६०० वरही ठेवले गेले. आज्ञावली लिहिणारा परासशी बोलत होता. परासखाली कोणता प्रोसेसर आहे याची चौकशी करण्याचे त्याला फारसे कारण नव्हते. त्यामुळे एका यंत्रासाठी लिहिलेले दुसऱ्यावर नेता आले.

पुढची वाट याच विचाराने चालली. १९९४ च्या 'परम ९०००' ची रचनाच अशी होती की प्रोसेसर बदलता यावा. एका रूपात सुपरस्पार्क, दुसऱ्यात अल्ट्रास्पार्क, तिसऱ्यात डेकचा अल्फा. १९९८ चा 'परम १००००' अल्ट्रास्पार्कवर, २००३ चा 'परम पद्म' आयबीएमच्या पॉवर४ वर आणि २००८ चा 'परम युवा' इंटेलच्या झिऑनवर उभा राहिला. सतरा वर्षांत इतकी घराणी बदलली, पण हवामानाची किंवा रेणूंच्या रचनेची गणिते करणाऱ्यांना प्रत्येक वेळी श्रीगणेशा करावा लागला नाही. फोरट्रान आणि सी टिकून होत्या. १९९४ मध्ये प्रोसेसरांनी आपसांत निरोप कसे द्यावेत याचे एमपीआय हे सामाईक मानकही आले. याउलट ट्रान्सप्युटरसाठी इन्मॉसने ऑकॅम नावाची खास भाषा घडविली होती. ती डौलदार होती, समांतर काम तीत सहज मांडता येई, पण तिचे नशीब त्या यंत्राशी बांधलेले होते. ट्रान्सप्युटर बाजारातून गेला आणि ऑकॅम अभ्यासकांच्या आठवणीत उरली.

आता संस्थेच्या आवारातून बाहेर, घरोघरच्या संगणकाकडे वळू. ॲपल कंपनीने मॅकिंतॉशचा प्रोसेसर तीनदा बदलला. १९९४ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० घराण्याकडून पॉवरपीसीकडे, २००६ मध्ये पॉवरपीसीकडून इंटेलकडे, आणि २०२० मध्ये इंटेलकडून स्वतः घडविलेल्या एम१ कडे. प्रत्येक वेळी दोन सोयी करण्यात आल्या. एक म्हणजे जोडआवृत्ती. एकाच धारिकेत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रोसेसरांसाठीची रूपांतरे शेजारी शेजारी ठेवायची; यंत्र आपल्याला समजेल ती उचलते. दुसरी सोय दुभाष्याची. जुनी आज्ञावली चालू असतानाच, किंवा ती सुरू होण्यापूर्वी, तिचे नव्या आज्ञांत भाषांतर करणारी प्रणाली संगणकातच बसवून द्यायची. २००६ च्या दुभाष्याचे नाव ठेवले होते रोझेटा. इजिप्तमध्ये १७९९ मध्ये सापडलेल्या आणि एकच मजकूर तीन लिप्यांत मिरविणाऱ्या त्या शिळेवरून हे नाव घेतले होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नकोच.

पण शिळा आणि तिची ही नामधारी यांत एक मोठा फरक आहे. शिळा दोन हजार वर्षे थांबली; शाम्पोलियोंला १८२२ मध्ये तिचे मर्म उलगडेपर्यंत तिने कोणाला घाई केली नाही. ॲपलचा रोझेटा २००६ मध्ये कामावर रुजू झाला आणि २०११ च्या लायन आवृत्तीत त्याला निरोप देण्यात आला. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या रोझेटाचीही मुदत ठरली आहे. सर्वसाधारण वापरासाठी तो मॅकओएस २७ पर्यंतच मिळेल, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. यात कोणाचा दुष्टावा नाही. दुभाषा पोसण्यास खर्च येतो, त्याच्या चुका दुरुस्त कराव्या लागतात, आणि तो आहे तोवर नव्या भाषेत लिहिण्याची निकड कोणाला भासत नाही. कारणे रास्त आहेत. तरीही मुदत ही मुदतच, आणि ती पाळण्याची जबाबदारी ज्याचा मजकूर त्याच्यावर येऊन पडते.

आमच्या मोहर्लीच्या यादीची मुदत कशी संपली, ते आता सांगता येईल. आपल्याकडे सर्वत्र पसरलेला संगणक इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ या १६ बिटी प्रोसेसरच्या वंशातला. १९८५ मध्ये याच वंशात ३२ बिटी ८०३८६ आला. त्यात जुन्यासाठी एक खास दालन राखलेले होते. या दालनात बसलेल्या डॉसच्या आज्ञावलीला आपण साक्षात ८०८६ वरच आहोत असे वाटे. म्हणूनच विंडोजच्या काळातही डॉसवरील मराठी चालत राहिली. २००३ मध्ये एएमडी कंपनीने या वंशाला ६४ बिटी रूप दिले. त्या रूपात ३२ बिटी आज्ञावल्यांची सोय चोख होती, परंतु ६४ बिटी अवस्थेत ते जुने दालन उघडत नाही. ६४ बिटी विंडोजने १६ बिटी आज्ञावल्यांना थारा दिला नाही. ज्यांनी ३२ बिटी विंडोज जपली त्यांचे चालत राहिले. २०२१ चे विंडोज ११ मात्र केवळ ६४ बिटी आहे, आणि ३२ बिटी आवृत्ती असलेल्या शेवटच्या विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नातवंडांपर्यंत निभावलेली वाट पतवंडाशी येऊन खुंटली. ही मुदत वीस वर्षांहून अधिक होती. आम्हीच ती मोजली नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे सी-डॅकमध्ये आले आणि त्यातून जिस्ट कार्ड घडले. संगणकातील खाचेत हे कार्ड बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या आज्ञावल्यांतही देवनागरी उमटू लागे. लिपी त्या काळी अशी एका फळीवर मुक्कामाला होती. पुढे संगणकातील ती खाचच नाहीशी झाली, आणि फळी निरुपयोगी झाली. पण त्या कामातून आलेले अक्षरांचे संकेतांकन टिकले. १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून मान्य झाले, इस्की या नावाने. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरूनच बेतलेली आहे, म्हणून इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. फळी गेली, आज्ञावली गेली, आणि सर्वांनी मिळून मान्य केलेला क्रम तेवढा राहिला. परासची गोष्ट इथे पुन्हा भेटते. यंत्राशी जखडलेले यंत्राबरोबर गेले. अर्थाच्या पातळीवर ठरविलेले पुढच्या यंत्रावर चढले.

मराठी समाजाला हा अनुभव नवा नाही. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या काळात रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. फारसी-अरबी व्यवहारशब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. कोश झाला म्हणून फारसी शब्द एका रात्रीत गेले नाहीत. पेशवाईच्या कागदांतही ते मुबलक आढळतात, आणि पारसनीस हा फारसी पत्रव्यवहाराचा अधिकारी दरबारात कायम होता. नवी भाषा मानाने आणली आणि जुनीचा जाणकार पगारावर ठेवला. मोडीच्या बाबतीत हे भान सुटले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकविली जाणारी ती लिपी पुढे अभ्यासक्रमातून गेली, आणि एका पिढीच्या आतच घरच्या पेटीतील आजोबांचे खत वाचून घेण्यासाठी जाणकार शोधत फिरण्याची वेळ आली. कागद शाबूत होते. वाचणाऱ्याचे पद तेवढे रद्द झाले होते.

मोहर्लीच्या त्या मुक्कामी आमच्या एका विद्यार्थ्याने रात्रीतून मार्ग काढला. डॉसबॉक्स ही २००२ पासून मोफत मिळणारी आज्ञावली त्याने आणली. ती प्रोसेसरकडे जुन्या दालनाची मागणीच करीत नाही. जुन्या यंत्राचे संपूर्ण सोंग ती स्वतःच वठविते. सकाळी आमची यादी पडद्यावर उभी होती, त्याच काळ्या पार्श्वभूमीवर, रेघांसकट. इस्कीतील अक्षरे युनिकोडमध्ये गेली. रेघा मात्र गेल्या नाहीत, कारण रेघेची खूण त्या प्रणालीची खाजगी होती, तिला कोणतेही मानक नव्हते. तेव्हा एका पडद्यावर जुने आणि दुसऱ्यावर नवे ठेवून मुले हाताने खुणा करू लागली. त्यांतल्या एकीने सहज विचारले, "सर, ही रेघ नेमकी कशाची?"

आम्ही दोघेतिघे एकाच वेळी बोललो आणि उत्तरे निराळी निघाली. आमच्यापैकी एकाच्या मते, रेघ म्हणजे आता कोणी बोलत नाही असा शब्द. दुसऱ्या सहकारी ठामपणे म्हणाल्या की, जो शब्द एकट्या आजीनेच सांगितला आणि इतरांकडून पडताळता आला नाही, त्याखाली रेघ होती. भाषेच्या अभ्यासात या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या अर्थाने ती लोप पावणाऱ्या शब्दांची यादी ठरते, दुसऱ्या अर्थाने एका व्यक्तीच्या स्मृतीची. यादीत कुठेही खुलासा नव्हता. लिहिताना तो इतका उघड वाटला होता की लिहून ठेवावासा वाटला नाही. आजी जाऊन बरीच वर्षे झाली आहेत.

दोन दिवस आम्ही ते रेघेचे शब्द घेऊन गावात फिरलो. काही शब्द ऐकताच बायका हसल्या आणि ते कशासाठी वापरतात ते त्यांनी सांगितले. काहींवर मान हलली नाही. मुलांनी प्रत्येक शब्दापुढे २०२४ ची नोंद स्वतंत्र रकान्यात केली, आणि जुन्या रेघेच्या रकान्यावर लिहिले: 'अर्थ अनिश्चित'. प्रोसेसरच्या तीन पिढ्यांची दरी एका विद्यार्थ्याने एका रात्रीत ओलांडली. आमच्याच एका रेघेचा अर्थ मात्र आम्हांला ओलांडून आणता आला नाही.

याच जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक येथे एक शिळा मिळाली होती. पुढे ती नागपूरच्या संग्रहालयात गेली. तिच्यावर दोन लेख आहेत. एक मौर्यकालीन ब्राह्मीतला, प्राकृत, प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा. दुसरा कित्येक शतकांनंतरचा, वाकाटक नृपती रुद्रसेनाचा, संस्कृत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिचे वाचन केले. आज व्याघ्र प्रकल्पासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातली ती जुनी मनाई आपण वाचू शकतो, याचे श्रेय दगडाच्या टिकाऊपणाला जितके आहे, तितकेच ब्राह्मीची अक्षरे पुन्हा शिकून ती पुढच्यांना शिकविणाऱ्यांना आहे.

आमच्या विभागात त्या शिबिरानंतर एक साधा नियम केला आहे. विद्यार्थ्याचा संग्रह युनिकोडमधील साध्या मजकुरात द्यायचा, त्याची एक छापील प्रत ठेवायची, आणि पहिल्या पानावर, दुसरे काहीही लिहिण्यापूर्वी, संग्रहात वापरलेल्या प्रत्येक खुणेचा अर्थ पूर्ण वाक्यात लिहायचा. शिवाय दर पाच वर्षांनी विभागातील कोणीतरी एकाने प्रत्येक धारिका उघडून पाहायची आणि पाहिल्याची तारीख वहीत नोंदवायची. या नोंदवहीतली पहिली तारीख मोहर्लीच्या शब्दसंग्रहापुढे पडली आहे.